बावीस ऐच्छिक विषय आणि एक कोरा अर्ज

तिसऱ्या सत्राच्या नावनोंदणीच्या शेवटच्या दिवशी एक विद्यार्थिनी ऐच्छिक विषयांचा अर्ज घेऊन माझ्या खोलीत आली. अर्जावर दोन रकाने होते आणि दोन्ही कोरे होते. तिला वितरित प्रणाली (अनेक संगणकांनी मिळून एकच काम करणे) हा विषय घ्यायचा होता, पण तो शिकवणारे प्राध्यापक रजेवर असल्याने त्या वर्षी विषय उघडलाच नव्हता. कूटशास्त्राचा तास एका अनिवार्य विषयाच्या प्रात्यक्षिकाच्या वेळेत येत होता. नैसर्गिक भाषा संस्करणासाठी मशीन लर्निंग उत्तीर्ण असण्याची अट होती आणि मशीन लर्निंग त्याच सत्रात शिकवले जाणार होते. "मॅडम, पुस्तिकेत बावीस विषय छापले आहेत. त्यातले मला घेता येतील असे नेमके किती?" असे तिने विचारले. आम्ही दोघींनी पुस्तिका आणि वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून एकेका नावावर काट मारली. तीन उरले. त्या तिन्हींत तिला फारसा रस नव्हता. शेवटी तिने त्यांतले दोन लिहिले, सही केली आणि ती निघून गेली.

संगणकशास्त्राचा आमचा पदव्युत्तर अभ्यासक्रम लवचीक आहे, हे वाक्य मी स्वतः प्रवेशाच्या वेळी कित्येकांना ऐकवले होते. त्यामुळे सत्राच्या अखेरीस अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेसाठी विभागाने सहा जणांची समिती नेमली आणि तिचे समन्वयकपद माझ्याकडे आले, तेव्हा मी ते नाकारले नाही. काम सहा महिन्यांचे वाटले होते. प्रत्यक्षात पहिल्या बैठकीपासून नवी पुस्तिका विद्यार्थ्यांच्या हातात पडेपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली.

त्यातला सुरुवातीचा काळ आम्ही चुकीच्या दिशेने घालवला, हे आधीच कबूल केलेले बरे. निवडीला वाव द्यायचा तर विषय वाढवले पाहिजेत, असे गृहीत धरून आम्ही प्रत्येक सहकाऱ्याकडून नव्या ऐच्छिक विषयांचे प्रस्ताव मागवले. प्रत्येकाने आपल्या संशोधनाच्या जवळचे दोन-तीन विषय सुचवले आणि यादी चाळिशीच्या पुढे गेली. यादी पाहून सगळ्यांनाच समाधान वाटले. मला मात्र तो कोरा अर्ज आठवत राहिला. बावीसांतून तीन उरत असतील, तर चाळीसांतून फार तर पाच उरले असते. कारण शिकवणारी माणसे तेवढीच होती, प्रयोगशाळा तेवढ्याच होत्या आणि आठवड्यातले तासही वाढणार नव्हते.

दुसरा प्रयत्न तयार नमुने शोधण्याचा होता. संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संघटनेने १९६८ मध्ये संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या संगणक संस्थेबरोबर साधारण दर दशकाला तो नव्याने मांडला गेला. २००१ च्या आराखड्यात १४ ज्ञानक्षेत्रे होती, २०१३ मध्ये ती १८ झाली आणि २०२३ च्या आवृत्तीत १७ आहेत. मात्र हे आराखडे पदवीपूर्व शिक्षणासाठी आहेत. पदव्युत्तर स्तरावर सॉफ्टवेअर अभियांत्रिकीसाठी २००९ ची आणि माहिती प्रणालींसाठी २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे आम्ही वाचली. ती उपयुक्त होती, पण आमचा प्रश्न सोडवणारी नव्हती. आमच्याकडे एकाच वर्गात संगणकाची पदवी घेऊन आलेली मुले, गणित किंवा भौतिकशास्त्राकडून वळलेली मुले आणि काही वर्षे नोकरी करून परतलेली माणसे बसत असत, आणि या तिघांना एकाच वाटेने नेणे हीच खरी अडचण होती. तरीही २०१३ च्या आराखड्यातली एक गोष्ट आमच्या कामी आली. त्यात गाभ्याचेच, म्हणजे मूलभूत भागाचेच, दोन थर केलेले आहेत: पहिल्या थरातले सर्व काही शिकवायचे आणि दुसऱ्या थरातले किमान ८० टक्के. विषय एकतर अनिवार्य असतो किंवा ऐच्छिक, या आमच्या सवयीच्या विभागणीला तिथे पहिल्यांदा धक्का बसला.

काम खऱ्या अर्थाने सुरू झाले ते एका तरुण सहकाऱ्यामुळे. त्याने एका बैठकीत सहज विचारले की पूर्वअटींचा आलेख कोणी कधी काढला आहे का. कोणीच काढला नव्हता. आम्ही सगळे आलेख सिद्धांत वर्षानुवर्षे शिकवणारे लोक, त्यामुळे खोलीत काही क्षण अवघडल्यासारखी शांतता पसरली. त्याने पुस्तिकेतल्या प्रत्येक विषयाचा एक बिंदू केला, 'हा विषय आधी उत्तीर्ण हवा' या प्रत्येक अटीचा एक बाण केला आणि पुढच्या बैठकीला तीसेक ओळींचा एक प्रोग्रॅम लिहून आणला. पद्धत संगणकतज्ज्ञ आर्थर काहन यांनी १९६२ मध्ये मांडलेलीच होती: ज्या विषयावर एकही बाण येत नाही तो उचलायचा, त्याच्यापासून निघणारे बाण पुसायचे आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे. सगळे बिंदू उचलून झाले, तर विषयांचा क्रम मिळतो. आमच्या आलेखात शेवटी काही बिंदू शिल्लक राहिले आणि त्यांतला एकही उचलता येईना. मुळाशी तीन विषयांचे एक चक्र होते. सांख्यिकीय संगणनाला मशीन लर्निंग हवे होते, मशीन लर्निंगला माहिती-उत्खनन हवे होते आणि माहिती-उत्खननाला सांख्यिकीय संगणन. तिन्ही अभ्यासक्रम वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी सुधारले होते. प्रत्येकाने आपल्यापुरती रास्त अट घातली होती आणि कागदोपत्री त्या तिघांपैकी कोणताही विषय कोणालाही घेता येत नव्हता.

मग गेली काही वर्षे मुले हे विषय घेत कशी होती? उत्तर सोपे होते. शिकवणारे प्राध्यापक तोंडी सूट देत असत. मीही दिली होती. सूट मागायला येणारी मुले ठरावीकच असतात: ज्यांची प्राध्यापकांशी ओळख आहे, ज्यांना बोलताना भीड वाटत नाही किंवा ज्यांचे मागच्या वर्षीचे मित्र सांगतात की विचारून पाहा, मिळते. पुस्तिकेतली अट वाचून जी मुले मुकाट्याने दुसरा विषय निवडत होती, त्यांच्यापर्यंत ही लवचीकता कधी पोहोचलीच नव्हती. पूर्ण पुनर्रचनेत मला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट हीच आहे.

ते चक्र तोडल्यावर आम्ही आलेखातली सर्वांत लांब वाट मोजली. ती सहा विषयांची निघाली, आणि अभ्यासक्रम चार सत्रांचा होता. अशा आलेखातल्या सर्वांत लांब वाटेवर जितके बिंदू असतात, तितकी सत्रे किमान लागतात, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता आले असते. नव्या रचनेत आम्ही नियम केला की कोणत्याही विषयापर्यंत पोहोचणारी वाट, तो विषय धरून, तीन पायऱ्यांपेक्षा लांब असणार नाही, म्हणजे तिसऱ्या सत्रात कोणताही विद्यार्थी कोणत्याही विषयापर्यंत पोहोचलेला असेल. नियम एका ओळीचा होता. तो पाळण्यासाठी प्रत्येक पूर्वअट उकरून पाहावी लागली.

त्या उकरण्यात कळले की 'पूर्वअट' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या होत्या. काही ठिकाणी तिचा अर्थ 'याशिवाय पहिला आठवडाही समजणार नाही' असा होता. काही ठिकाणी 'हे माहीत असल्यास बरे पडते' एवढाच होता. आणि काही ठिकाणी, हे कोणी उघड बोलत नसले तरी, 'कच्ची मुले माझ्या वर्गात नकोत' असा होता. आम्ही प्रत्येकाला विनंती केली की आधीच्या विषयाचे नाव लिहू नका, तुमच्या विषयाला नेमके काय यायला हवे ते लिहा. मशीन लर्निंगसमोर पूर्वी तीन विषयांची नावे होती. त्या जागी आता सशर्त संभाव्यता, अपेक्षित मूल्य, मॅट्रिक्सचा गुणाकार, आंशिक अवकलन आणि दोनशे ओळींचा प्रोग्रॅम स्वतः लिहून त्यातल्या चुका शोधण्याची सवय असे लिहिले गेले. गणिताकडून आलेल्या मुलीला यातल्या पहिल्या चार गोष्टी कधीपासून येत असत आणि आमची जुनी अट तिला त्याच पुन्हा एक सत्रभर शिकायला लावत होती. नऊ वर्षे नोकरी केलेल्या माणसाला पाचवी गोष्ट आमच्यापेक्षा बरी येत असे आणि पहिल्या चारांचा गंज मात्र झाडावा लागत असे.

यातूनच सेतू अभ्यासक्रमाची कल्पना पुढे आली. पहिल्या सत्राच्या आधी पाच छोटे भाग ठेवायचे, प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घ्यायची. जो भाग येतो तो सोडून द्यायचा, जो येत नाही तेवढाच शिकायचा. या भागांना क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे श्रेय, द्यावे की नाही, यावर मात्र दोन बैठका खर्च झाल्या. क्रेडिट दिले तर पदव्युत्तर पदवीत पदवीपूर्व शिक्षणाची भरती होते, न दिले तर मुले ते मनावर घेत नाहीत, आणि दोन्ही म्हणणी खरी होती. शेवटी क्रेडिट न देता, पण चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय त्या भागावर अवलंबून असलेला विषय उघडणार नाही, अशी तडजोड झाली. हा निर्णय मला अजूनही अर्धवट वाटतो. विद्यार्थ्याने केलेल्या श्रमाची कुठेतरी नोंद व्हायला हवी होती.

आता माझ्या स्वतःच्या विषयाबद्दल. मी कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारी प्रणाली, हा विषय शिकवते आणि जुन्या अभ्यासक्रमात तो अनिवार्य होता. गाभ्याच्या चर्चेत मी तो अनिवार्यच राहावा म्हणून बराच युक्तिवाद केला: भाषेची रचना, स्वयंचलित यंत्रांचा सिद्धांत, स्मृतीची व्यवस्था आणि यंत्राची ओळख हे सारे एका जागी भेटते असा दुसरा विषय नाही. यातला शब्दन् शब्द मला आजही खरा वाटतो. पण आलेखात कंपायलरच्या बिंदूकडे चार बाण येत होते आणि त्यातून बाहेर एकही जात नव्हता. पुढचा कोणताही विषय त्याच्यावर अवलंबून नव्हता. गाभ्यात विषय ठेवण्यासाठी आम्हीच निकष ठरवला होता की त्याच्यावाचून पुढच्या अनेक वाटा अडल्या पाहिजेत. तो निकष लावला तर माझा विषय बसत नव्हता. त्या बैठकीत मी जरा वेळ गप्प राहिले आणि मग तो ऐच्छिक करावा असा प्रस्ताव मीच मांडला. मांडला नसता तर दुसऱ्या कोणाकडे त्याचा विषय सोडण्याची मागणी करण्याचा मला अधिकार उरला नसता. मनाचा मोठेपणा वगैरे त्यात काही नव्हता.

पूर्वी १६ विषयांपैकी १२ अनिवार्य होते. नव्या रचनेत पदवीच्या ८० क्रेडिटपैकी गाभ्याला १६ आले, म्हणजे चार विषय: अल्गोरिदम, संगणक प्रणाली, संगणनासाठी संभाव्यता आणि रेषीय बीजगणित, आणि सॉफ्टवेअर रचना. त्याच्या बाहेर सिद्धांत, प्रणाली आणि माहिती-बुद्धिमत्ता असे तीन गट करून प्रत्येकातून एक विषय सक्तीचा केला, त्याचे १२ क्रेडिट. उरलेले आठ विषय पूर्णपणे विद्यार्थ्याच्या पसंतीचे, त्यांचे ३२. प्रकल्प किंवा प्रबंधाला १६ आणि शोधनिबंध वाचणे, लिहिणे व व्यवसायातील नीती यांच्या चर्चासत्राला ४.

तीन गटांतून एकेक विषय सक्तीचा का, असे आम्हाला वारंवार विचारले गेले, कारण लवचीक म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमात ही सक्ती विसंगत दिसते. या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. हार्वर्ड विद्यापीठात १८६९ मध्ये अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी अनिवार्य विषय एकेक करून काढून टाकले आणि विद्यार्थ्यांना जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. बऱ्याच विद्यार्थ्यांनी त्या मोकळिकीत सुरुवातीच्या पातळीचे सोपे विषय गोळा करून पदवी पुरी केली. १९०९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या लोवेल यांनी एका क्षेत्रात खोली आणि इतर क्षेत्रांत थोडा विस्तार अशी अट पुन्हा आणली. आमच्या सहकाऱ्यांपैकी एकाने हा इतिहास बैठकीत सांगितला आणि तीन गटांवरचा वाद त्या दिवसापुरता तरी मिटला.

यानंतरचा भाग सर्वांत रटाळ वाटेल, पण माझ्या मते लवचीकतेचा निकाल तिथेच लागतो: वेळापत्रक. आम्ही यादी २४ ऐच्छिक विषयांवर आणली होती. चोविसांतून आठ निवडण्याचे ७,३५,४७१ प्रकार होतात आणि ही संख्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावी असे एका उत्साही सदस्याचे म्हणणे होते. मी विरोध केला, कारण वेळापत्रक लावून झाल्यावर त्यातले किती प्रकार जिवंत राहतात हे आम्ही अजून पाहिलेच नव्हते. पुन्हा आलेख काढला. या वेळी प्रत्येक विषय एक बिंदू होता आणि एकाच विद्यार्थ्याला बरोबर घ्यावेसे वाटतील असे दोन विषय रेषेने जोडले होते. वेळेच्या पट्ट्या म्हणजे रंग, आणि जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग चालणार नव्हता. कमीत कमी किती रंग पुरतील हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांच्या १९७२ च्या प्रसिद्ध २१ अवघड समस्यांपैकी एक आहे, पण चोवीस बिंदूंसाठी संगणकाला तो जड नव्हता. अडचण गणिताआधीच दिसली. प्रणाली गटातले सात विषय सगळेच एकमेकांशी जोडलेले होते, कारण प्रणालींकडे ओढा असलेली मुले त्यांतले कोणतेही दोन एकदम मागतात. आणि ऐच्छिक विषयांसाठी आमच्याकडे पट्ट्या होत्या सहा. सात परस्परजोडलेल्या बिंदूंना सहा रंग पुरणार नाहीत, हे कळायला प्रोग्रॅम लागत नाही.

उपाय एकच होता: सगळे विषय दर वर्षी न उघडणे. मोठी मागणी असलेले विषय दर वर्षी, बाकीचे एक वर्षाआड. हे ऐकून विद्यार्थी प्रतिनिधी नाराज होतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "चालेल मॅडम, पण कोणत्या वर्षी कोणता विषय, हे प्रवेश घेतानाच कळले पाहिजे." मग आम्ही पुढील दोन वर्षांचे विषयपत्रक तयार केले: कोणत्या सत्रात कोणता ऐच्छिक विषय, कोणत्या पट्टीत, आणि शिकवणारे प्राध्यापक रजेवर गेले तर त्यांच्या जागी कोण. शेवटच्या रकान्यासाठी सहकाऱ्यांची मनधरणी करावी लागली, कारण दुसऱ्याच्या विषयाची जबाबदारी डोक्यावर घ्यायला कोणाला आवडत नाही. पत्रकात छापलेला विषय नोंदणी कमी झाली तरी रद्द होणार नाही, असेही ठरले. त्यासाठी काही वर्ग पाच-सहा विद्यार्थ्यांचे चालवावे लागतात आणि अध्यापनाच्या तासांचा हिशेब बसवताना विभागप्रमुखांना दर सत्रात त्रास होतो. अर्धवेळ शिकणाऱ्यांना या पत्रकाचा सर्वांत जास्त उपयोग झाला. सत्राला दोनच विषय घेणाऱ्या माणसाला ८० क्रेडिट पुरी करायला दहा सत्रे, म्हणजे पाच वर्षे लागतात, आणि एक वर्षाआड येणारा विषय चुकला तर थेट दोन वर्षे थांबावे लागते.

विषयांच्या नावांवरही बरीच घासाघीस झाली. जुन्या पुस्तिकेत एका ऐच्छिक विषयाचे नावच हडूप होते, म्हणजे मोठी माहिती अनेक संगणकांवर वाटून हाताळण्याच्या एका साधनाचे नाव, आणि त्याच्या प्रात्यक्षिकात कोणत्या आज्ञा टंकायच्या याची यादी मंजूर अभ्यासक्रमात छापलेली होती. हडूपमागच्या मॅपरिड्यूस या पद्धतीची मांडणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, हडूप त्यानंतर आले, आणि आमचा विषय मंजूर होऊन वर्गात पोहोचेपर्यंत वापरणारे लोक त्यापुढच्या साधनांकडे सरकले होते. याउलट घटनांचा क्रम तार्किक घड्याळांनी कसा लावायचा, हा संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेला विचार वितरित प्रणालींच्या वर्गात आजही तितकाच ताजा आहे. तेव्हापासून आम्ही विषयाला प्रश्नाचे नाव देतो, साधनाचे नाही: 'मोठ्या माहितीचे वितरित संस्करण'. साधन कोणते वापरायचे ते शिकवणाऱ्याने दर वर्षी ठरवावे. ज्यांची अजून प्रश्न म्हणूनही नीट मांडणी झालेली नाही अशा गोष्टींसाठी 'विशेष विषय' या नावाच्या दोन मोकळ्या जागा ठेवल्या. त्यांचा मजकूर विभाग स्वतः मंजूर करतो, वरच्या परिषदेकडे जावे लागत नाही. आजच्या भाषा-प्रारूपांमागची ट्रान्सफॉर्मर ही रचना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२२ च्या अखेरीपासून चॅटजीपीटीमुळे ती सर्वांच्या तोंडी आली. अशा वेगाला पाच वर्षांनी एकदा सुधारणारी पुस्तिका पुरी पडत नाही.

क्रेडिटचा हिशेब तपासताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. युरोपात १९८९ पासून वापरात असलेल्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरले जातात आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम, त्यात घरी केलेला अभ्यासही आला. आमच्याकडे मात्र क्रेडिट म्हणजे शिक्षकाच्या तासिका, अशीच समजूत होती. काही विद्यार्थ्यांना आम्ही एक सत्रभर वेळेची नोंद ठेवायला सांगितले. चार क्रेडिटच्या ऑपरेटिंग सिस्टिमला चार क्रेडिटच्याच दुसऱ्या एका विषयाच्या दुपटीहून अधिक वेळ लागत होता. अभ्यासक्रम साचेबद्ध असताना हे खपून जाते, कारण दोन्ही विषय सगळ्यांनाच घ्यावे लागतात. निवड खुली केली की जड विषय ओस पडतात आणि दोष मुलांना दिला जातो. आम्ही ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रकल्प पाचांवरून तीनवर आणले. शिकवणाऱ्या सहकाऱ्याने ते मान्य केले, पण त्यांचा चेहरा मला आठवतो.

मध्येच बाहेर पडण्याची सोय, म्हणजे ठरावीक क्रेडिटनंतर पदविका घेऊन थांबणे आणि पुढे परत येणे, हा भाग लिहायला सोपा होता. जमवलेली क्रेडिट किती वर्षे ग्राह्य धरायची, हा एकच प्रश्न खरा होता. सर्वांसाठी एकच मुदत ठेवणे सोयीचे होते, पण आठ वर्षांपूर्वी शिकलेले अल्गोरिदम आणि आठ वर्षांपूर्वी शिकलेली मोबाइल अॅप बांधणी यांना एकाच मापाने मोजणे मला पटेना. गाभ्याच्या विषयांना मुदत नाही आणि बाकीच्यांसाठी सात वर्षे, असे ठरले. परिषदेची मंजुरी, नमुना अर्ज, नियमांची भाषा या साऱ्याला पाच महिने लागले; त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

पहिल्या तुकडीने आम्हाला जमिनीवर आणले. एका विद्यार्थ्याने आठही ऐच्छिक विषय मशीन लर्निंगच्या आसपासचे निवडले. त्यांतल्या तीन विषयांत ग्रेडिएंट डिसेंट ही चूक टप्प्याटप्प्याने कमी करण्याची पद्धत पुन्हा पहिल्यापासून शिकवली गेली. दुसऱ्याने लेखी परीक्षा नसलेले विषय तेवढे वेचून काढले, आणि आमचा एकही नियम त्याच्या आड येत नव्हता. एक मुलगी तर निवडीच्या ओझ्यानेच गोंधळली आणि 'पूर्वीसारखे तुम्हीच सांगा ना' असे म्हणत तीन वेळा माझ्याकडे आली. तेव्हा मार्गदर्शक शिक्षकाची योजना घाईने उभी केली. दर विद्यार्थ्याने सत्राच्या सुरुवातीला एका पानाचा आराखडा लिहायचा: दोन वर्षांनी मला काय करता यायला हवे, त्यासाठी कोणते विषय, आणि त्यांच्याशी संबंध नसलेला पण कुतूहल वाटणारा निदान एक विषय. शिक्षकाने तो वाचून अर्धा तास बोलायचे आणि मग सही करायची. ही योजना पुनर्रचनेच्या पहिल्या मसुद्यात असायला हवी होती. साचेबद्ध अभ्यासक्रमात मुलांसाठी विचार करण्याचे काम पुस्तिका करते. ते काम पुस्तिकेकडून काढून घेतले तर ते कोणाकडे जाणार, याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

कंपायलरला पहिल्या वर्षी अकरा विद्यार्थी आले. पूर्वी साठ असत. साठांतले बरेच जण मागच्या बाकांवर दुसऱ्या विषयाची गृहपाठाची वही उघडून बसत, हे मला तेव्हाही दिसत होते. अकरांपैकी दोघांनी सत्र अर्ध्यावर सोडले. त्यातल्या एकाने स्पष्ट सांगितले की विषय चांगला आहे, पण त्याला वाटला होता तसा नाही. पूर्वी असे सांगण्याची त्याला सोयच नव्हती.

पूर्वअटींचा तो प्रोग्रॅम आता विभागाच्या सामायिक संगणकावर असतो आणि कोणताही नवा विषय प्रस्तावित झाला की आधी त्यातून जातो. गेल्या आठवड्यात हार्डवेअर सुरक्षेचा एक उत्तम प्रस्ताव आला. तो आलेखात घातल्यावर सर्वांत लांब वाट तीनऐवजी चार दाखवू लागली. प्रस्ताव देणारे सहकारी मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "मॅडम, विषय मंजूर होऊ द्या, अटीचे काय ते मी वर्गात तोंडी बघून घेतो." बैठक गुरुवारी आहे आणि कार्यसूचीवर मी हा एकच विषय ठेवला आहे.